पोटखराब्यातल्या रहिवाशांची तजवीज

मी, विमल गोविंदा मुनेश्वर, वय एकाहत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त शिक्षिका, राहणार मौजा बोरखडी, तालुका मारेगाव, जिल्हा यवतमाळ, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि दोन कप चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; तसा तो आजवर कोणाला आणता आलेला नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याबद्दल ज्याला शंका असेल त्याने मी जिवंत असताना समोर येऊन वाद घालावा. मेल्यावर शंका काढणे हा पळपुटेपणा आहे.

खाली लिहिलेली सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि आम्हा भावंडांना शाळेत घातले. जमीन त्यांच्याकडे नव्हतीच. शेत मी माझ्या पगारातून घेतले. मला मूलबाळ नाही. माझ्या भावाची दोन मुले, प्रियंका आणि संघदीप, हीच माझी जवळची माणसे.

१. राहते घर प्रियंकाला द्यावे. परसातल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग मात्र तिने भिंतीपासून लांब रचावा. कारण पाचव्या कलमात येईल.

२. पुस्तके विहाराच्या वाचनालयाला. कपाटाला कुलूप लावू नये. पुस्तक चोरीला गेले तर आनंद मानावा, निदान एक माणूस वाचेल तरी.

३. माझा स्वतःचा माईक आणि स्पीकर गावच्या जयंती मंडळाला. मंडळाने एका वर्षी माझे भाषण ऐन रंगात आले असताना माईक बंद केला होता. "बाई, जेवणं थंडी होऊन राह्यली," असे अध्यक्ष म्हणाले. मी उरलेले भाषण विनामाईक केले आणि ते मागच्या रांगेपर्यंत पोचले, याला गाव साक्षी आहे. हा माईक मंडळाने वापरावा आणि दर वेळी बटण दाबताना माझी आठवण काढावी.

४. बँकेतील ठेवीतून गावात निंदणाला आणि वेचणीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला गुडघ्यापर्यंतचे गमबूट व एक चांगली बॅटरी घेऊन द्यावी. सापाच्या बाजूने बोलणाऱ्याने आधी माणसाच्या पायाची काळजी घेतली पाहिजे, नाहीतर ते बोलणे लबाडीचे ठरते. उरलेली रक्कम प्रियंकाची. वाहितीखालचे शेत तिचा भाऊ संघदीप याला. तो ते नीट करतो.

५. आता पोटखराबा. माझ्या शेताच्या वरच्या अंगाला मुरमाचा उंचवटा आहे. तिथे पळस, बोरी, दगडांची रास आणि माणसाच्या उंचीची दोन वारुळे आहेत. पीक येत नाही म्हणून सातबाऱ्यावर त्या तुकड्याची नोंद पोटखराबा अशी आहे. या नोंदीवर माझी हरकत आहे. जिथे नाग, घोणस, मण्यार, फुरसे, मुंगूस, साळिंदर आणि असंख्य उंदीर पिढ्यान्‌पिढ्या नांदतात ती जागा खराब, आणि जिथे आपण औषध फवारून गवताचे पातेही जगू देत नाही ती जागा चांगली! हा हिशेब कोणी मांडला?

ही जागा सापांच्याच नावे करावी अशी माझी इच्छा होती. माझी विद्यार्थिनी आणि आता वकील असलेली अर्पिता म्हणाली, "बाई, साप वारस होऊ शकत नाही. सहीसुद्धा करता यायची नाही त्यांना." म्हणून माणसे शोधावी लागली. उमेदवार दोन होते आणि दोघेही नालायक होते.

पहिला संघदीप. तो तालुक्यातला नामांकित सर्पमित्र. साप पाहिला की त्याचा हात शिवशिवतो. गळ्यात नाग घालून तो चित्रफिती काढतो, आणि मागच्या खोलीत काचेच्या बरण्यांत मेलेली फुरशी ठेवतो. आमचा वाद ठरलेला.

"आत्या, मी त्यायले वाचवून राह्यलो."

"कोणापासून? घरात निजलेल्याले ओढून काढणं म्हणजे वाचवणं काय?"

"टिपेश्वरच्या जंगलात सोडून देतो ना मी. मस्त जंगल आहे."

"तुले उचलून दिल्लीच्या चौकात सोडतो अन् म्हणतो, राहा बाप्पा, माणसं भरपूर आहेत! चालन?"

त्याला कळत नाही असे नाही. ज्या सापाला आपली बिळे, आपले पाणी, आपली शिकार ठाऊक आहे त्याला अनोळखी रानात टाकले की त्याचे हाल होतात. पण टाळ्या रानात मिळत नाहीत, पकडताना मिळतात.

दुसरे शेजारचे किसनराव. नागपंचमीला ते माझ्या वारुळाला लाह्या-दूध वाहतात. त्या दिवशी शेतात नांगर नाही, खणणे नाही, घरात विळीसुद्धा नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून मला विचारतात, "बाई, थो उंचवटा सपाट केला तं सोयाबीन चांगलं होईन. विकता काय?" मी त्यांना दरवर्षी सांगते की साप दूध पीत नाही. ते दरवर्षी म्हणतात, "तुमच्या पुस्तकातला नसन पेत. माहा पेते."

यंदा श्रावणात मला घोणस चावली. परसातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात बॅटरी न घेता हात घातला. त्यात तिचा दोष नाही. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मिळाले आणि मी वाचले. गावाला वाटले, आता बाईचे भाषण बदलेल. बदलले, पण गावाला वाटले तसे नाही. मला वाचवणारे औषध कोणीतरी परवान्याने धरलेल्या सापाच्या विषातून तयार झाले. तेव्हा साप कधीच कोणी धरू नये असे मी म्हणणार नाही. गरज खरी असावी, परवाना असावा, जाणत्या हाताने धरावा आणि जिथून उचलला तिथेच परत सोडावा. बरणीसाठी, गळ्यासाठी आणि टाळ्यांसाठी धरणे म्हणजे चोरी.

मी दवाखान्यात असतानाच, ऐन नागपंचमीला, रस्त्याच्या एका ठेकेदाराने मुरमासाठी माझ्या उंचवट्यावर जेसीबी पाठवला. मालकीण दवाखान्यात, सण असल्याने शेतात कोणी नाही, असा त्याचा हिशेब. पुढचे मला शेजारच्या मोनालीने सांगितले. ती तिथे होती. संघदीप धावत गेला आणि त्याने यंत्र थांबवायचे सोडून काय केले? पिशव्या काढल्या आणि साप भरायला लागला! म्हणे, जेवढे जमतील तेवढे वाचवतो. तेवढ्यात किसनराव लाह्यांचे ताट घेऊन आले. त्यांनी ताट खाली ठेवले आणि यंत्राच्या दातांपुढे मांडी घालून बसले.

"आज खोदू देणार नाई. उद्या पाहू."

ड्रायव्हर म्हणाला, "काका, उठा. मले डिझेल लागून राह्यलं."

किसनरावांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते संघदीपवर ओरडले, "अन् तू बे! आजच्या दिवशी नागाले पिशवीत भरतं? काहून, भाजी हाये काय थे? सोड आधी!"

संघदीप वरमला. त्याने पिशवी उलटी केली. फणा काढलेला नाग वारुळाकडे निघाला तो नेमका जेसीबीच्या चाकाजवळून. ड्रायव्हर दुसऱ्या बाजूने उडी मारून पळाला आणि यंत्र न्यायला संध्याकाळी त्याचा मालक आला. तेव्हा किसनराव तिथेच बसून होते. पुन्हा ते यंत्र आले नाही.

हे ऐकून मी सलाइन लावलेली असताना इतकी हसले की सिस्टर रागावल्या. आणि तिथेच मला वाट सापडली. संघदीपला साप हवेत, जागेची किंमत नाही. किसनरावांना जागा हवी, सापांची अडचण आहे. एकटा कोणीही त्या उंचवट्याची वाट लावील. दोघे मिळून मात्र त्यांनी तो वाचवला, आणि तेही भांडत.

म्हणून हा पोटखराबा मी संघदीप आणि किसनराव या दोघांना सामाईक, समान हक्काने देते. वाटणी करता येणार नाही. दोघांच्या सह्यांशिवाय तिथे खोदणे, जाळणे, झाड तोडणे, विकणे किंवा एकही जीव उचलणे चालणार नाही. दोघांनी संगनमत करून सह्या केल्या आणि सापांचे घर मोडले तर जागा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे जाईल. संघदीपने ताबा घेण्यापूर्वी सगळ्या बरण्या वनविभागाकडे जमा कराव्यात. अर्पिता म्हणते, या अटींना कोर्टात आव्हान देता येईल. द्यावे. निकाल लागेपर्यंत सापांच्या तीन पिढ्या आरामात होतील.

किसनराव, तुमच्यासाठी एवढेच लिहिते. वर्षातून एक दिवस तुम्ही जमिनीला हात लावत नाही. मी तो दिवस मानत नाही, पण तुमचे बसणे मानते. या एका तुकड्यापुरता तो दिवस वर्षभर पाळा. लाह्या तुम्ही खा.

६. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी अर्पिताची नेमणूक करते. माझ्या पश्चात होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिघांपेक्षा जास्त जणांनी बोलू नये. ठेकेदाराला निमंत्रण द्यावे आणि पहिल्या रांगेत बसवावे.

सही करण्यापूर्वी हा मजकूर मी पोटखराब्याच्या दोघा वारसांना मोठ्याने वाचून दाखवला. किसनरावांना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष न दिलेली बरी, असे अर्पिताने समजावले. त्यांनी हातातले पेन परत दिले. मग संघदीपला म्हणाले, "उद्या सकाळी बांधावर ये. काटेरी कुंपण कुठून घालाचं थे पाहू."

"कुंपण कायले? मुंगूस कुठून जाईन?"

"तं गुरं घुसू देऊ काय? तुह्या मुंगसाले खालून फट ठेवू."

"खालून नाई, बाजूनं. तुमाले काही समजत नाई काका."

"मले? मी तुह्या जन्माच्या आधीपासून..."

दोघे अंगणात गेले आहेत आणि आवाज चढला आहे. असे भांडणारे राखणदार जागेला मिळाले, आता माझी काळजी मिटली. मजकूर वाचला, समजला, मान्य आहे. सही करते.

(सही) विमल गोविंदा मुनेश्वर

आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या:

१. भगवानराव खडसे, निवृत्त पोस्टमास्तर, मारेगाव (सही)

२. मोनाली आत्राम, अंगणवाडी सेविका, बोरखडी (सही)

स्थळ: बोरखडी, तालुका मारेगाव, जिल्हा यवतमाळ
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५