सेटच्या बदल्यात मिरची

धानोरा,
३ फेब्रुवारी, मंगळवार

आदरणीय लटारू भाऊजी यांस,
धाकट्या अश्वजितचा सविनय जय भीम.

तुमची आणि मीराबाईची प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. नणंदेच्या गुडघ्यासाठी रुखमाने टोरीचं तेल (मोहाच्या बियांचं, मागच्यासारखं बाजारचं नाही) बाटलीत भरून ठेवलं आहे. तुमच्या नागपूरच्या सोसायटीने गच्चीवर अँटेना लावायला अजून परवानगी दिली नसेलच. दुसऱ्याचे कपडे वाळत घालू देतात, आपली एक तार त्यांच्या डोळ्यांत खुपते. तुमचा माळ्यावरचा वायरलेस सेट अजून चादरीत गुंडाळून तसाच आहे ना? सहज विचारलं. आमच्याकडे सगळं कुशल आहे असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं बोलायला मन धजत नाही (फोनवर जमतं, कागदावर जमत नाही). भाऊजी, मी थकलो आहे. तीस वर्षे विजेच्या खांबावर चढलो तेव्हा जेवढा थकलो नव्हतो, तेवढा एका रविवारच्या मेळाव्याने थकलो.

मेळाव्याची कल्पना माझी नव्हती, हे आधी लिहून ठेवतो. सकाळच्या गप्पांत नागपूरचा कोणी, वरंगलचा कोणी, असे पाच-सात हौशी रेडिओवाले रोज भेटतात. त्यांतलाच एक म्हणाला की आपण इतकी वर्षे नुसते आवाज ऐकतो, एकदा तोंडंही पाहू, आणि ज्याच्याकडे जे जुनं सामान आहे ते आणून अदलाबदल करू. सगळे हो म्हणाले. जागा कोण बघणार, असं विचारल्यावर सगळ्यांच्या सेटमध्ये एकदम खरखर सुरू झाली. माझा सेट दुर्दैवाने स्वच्छ चालत होता. मार्कंड्याची जत्रा फेब्रुवारीत होती, तोवर नदीकाठचं मैदान मोकळं होतं, म्हणून मी मार्कंडा म्हटलं, आणि तिथेच फसलो.

आपल्या नक्षलग्रस्त भागात वायरलेसचा मेळावा घ्यायचा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. ज्या साहेबांकडे गेलो त्यांनी प्रेमाने बसवलं, चहा पाजला आणि शेवटी हाच प्रश्न विचारला की जंगलात बसून तुम्ही बोलता कोणाशी? मी म्हटलं, सिरोंच्याच्या एका निवृत्त हेडमास्तरशी. काय बोलता? मी म्हटलं, आज धुकं किती, भाजी काय, तब्येत कशी. ते म्हणाले, एवढ्यासाठी परवाना काढला? सात चकरांनंतर परवानगी मिळाली. मग फलक रंगवणारा भेटला. 'हौशी रेडिओ' हे शब्द त्याला पटेनात. लोकांना समजलं पाहिजे म्हणून त्याने आपल्या मनाने 'रेडिओ आणा, रेडिओ न्या' असं ठसठशीत लिहिलं आणि चामोर्शीच्या रस्त्याला टांगून दिलं.

लोकांना समजलं. २५ जानेवारीच्या रविवारी सकाळी आठ वाजता आमचे रेडिओवाले मोजून नऊ, आणि गावकरी दोनशे. कोणी बंद पडलेला ट्रान्झिस्टर आणलेला, कोणी मिक्सर, कोणी धान उडवायचा पंखा. एका म्हाताऱ्या बाईने गाठोड्यातून इस्त्री काढली. नागपूरचे एक साहेब चंद्रावर आपटून परतलेला सिग्नल पकडतात म्हणे, त्यांनी दुपारपर्यंत चौदा मिक्सर उघडले. रुखमाने कुणी न सांगता चिठ्ठ्या वाटायला घेतल्या आणि नंबर लावले, नाहीतर मारामारीच होती. आमची अदलाबदल कोपऱ्यातल्या एका ताडपत्रीवर होती, तिकडे फक्त भंगारवाला फिरकला. तो तराजू घेऊन आला होता. शेवटी मी भोंग्यावरून नियम जाहीर केला की अदलाबदल फक्त परवानाधारकांची, आणि एकदा दिलेली वस्तू परत मागायची नाही. हा नियम माझा. कोणी सुचवलेला नाही.

आता मल्लय्याबद्दल. तोच तो सिरोंच्याचा हेडमास्तर, जो रोज सकाळी साडेसहाला मला हाक मारतो. बारा वर्षे झाली. त्याच्या मुलीचं लग्न मी ऐकलं, बायकोचं आजारपण ऐकलं, ती गेली त्या सकाळी तो फक्त 'आज एवढंच' म्हणाला तेही ऐकलं. इतक्या वर्षांत त्याला पाहिलं मात्र कधी नव्हतं. दिवाळीपासून त्याचा सेट आचके देत होता आणि मेळाव्याच्या आठ दिवस आधी बंदच पडला, त्यामुळे तो येणार की नाही हेही मला माहीत नव्हतं. तो आला. हातात बंद सेट, खांद्यावर मिरचीचं अर्धं पोतं. मी त्याला उंच समजत होतो, तो माझ्या खांद्याएवढा निघाला. आम्ही हात मिळवले. तो म्हणाला, बरं आहे? मी म्हटलं, बरं आहे. मग आम्ही दोघे गप्प. तुम्हाला आपली सवय माहीत आहे, समोरचा 'ओव्हर' म्हणेपर्यंत आपण तोंड उघडत नाही. तो माझ्या ओव्हरची वाट पाहत होता, मी त्याच्या. मग दोघे एकदम बोललो आणि एकदम थांबलो. मी झाडाकडे पाहिलं, त्याने नदीकडे. बारा वर्षांची मैत्री चहाच्या एका कपात संपली की काय, असं मला वाटलं.

हे सगळं रुखमा चिठ्ठ्या वाटता वाटता बघत होती. तिने नागपूरवाल्यांच्या ताडपत्रीवरचे हातात धरायचे दोन सेट उचलले, एक माझ्या हातात दिला, एक त्याच्या, आणि त्याला घाटाकडे पिटाळलं. मी मंडपामागे गेलो. पाठ फिरवल्याबरोबर गाडी सुरू झाली, भाऊजी. पाऊण तास बोललो. मध्ये एकदा वैनगंगेच्या वाऱ्यात तो म्हणाला, "त्या तज्ज्ञ साहेबानं पाह्यलं. म्हणते, सेट गेला, आता होत नाई. बायको गेली तेव्हापासून माज्या घरात सकाळी तुमचाच आवाज येते, अश्वजितभाऊ. या आठ दिवसांत तो बी नाई आला. ओव्हर."

ताडपत्रीवर त्याच्या मिरचीच्या बदल्यात सेट द्यायला कोणी तयार नव्हतं. मी माझा सेट मेळाव्यात नुसता मिरवायला आणला होता. तो उचलला, घाटावर गेलो आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. घेईना. मी म्हटलं, माझ्याकडे घरी दुसरा आहे, आणि तुम्ही फुकट घेत नाही, मिरची देता. तेव्हा कुठे घेतला. त्याचे डोळे भरून आले, माझेही आले (मिरचीचं पोतं उघडं होतं, हेही खरं). त्या क्षणी मला वाटलं की एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही.

परतीच्या जीपमध्ये सकाळी सेट होता त्या जागी मांडीवर मिरची घेऊन बसलो. चामोर्शीपासून गडचिरोलीपर्यंत रुखमाला माझ्या मनाचा मोठेपणा सांगितला. म्हटलं, मित्राची सकाळ तुटू दिली नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. गडचिरोली सोडल्यावर ती म्हणाली, "सेट त्याले देला. मंग तो सकाळी बोलन कोनासंग?" वीस वर्षांचा परवाना भिंतीवर आहे, परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालो, आणि बोलायला दोन सेट लागतात हे माझ्या ध्यानात आलं नाही. टाळी वाजवायला दोन हात लागतात, हे नंतर रुखमाने वेगळं सांगितलं.

आता रोज सकाळी साडेसहाला मी घरातला साधा बातम्यांचा रेडिओ लावतो. आपलं बोलणं त्याच्यावर कसं लागतं ते तुम्ही जाणताच, शब्द एकही कळत नाही, नुसतं बदक ओरडल्यासारखं. पण बदक मल्लय्याच आहे, त्याची ओढून बोलायची ढब बदकातही लपत नाही. तो हाक मारतो, थांबतो, पुन्हा हाक मारतो. मी उत्तर देऊ शकत नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तेव्हा मी सांगितलं की वानरांनी अँटेनाची तार तोडली. तो म्हणाला, जोडा सावकाश, मी रोज हाक मारत राहीन. फोनवर 'ओव्हर' म्हणायचं नसतं, त्यामुळे पुढे कोणी बोलायचं ते आम्हाला कळेना आणि त्याने ठेवला. खरं सांगावं तर तो पहिल्या गाडीने सेट परत घेऊन येईल. न सांगावं तर त्या घरात माझा आवाज नाही. मला दोन्ही सोसत नाही.

असो. तुमचा वेळ घेतला. थोरांना जय भीम, लहानांना आशीर्वाद, सोसायटीच्या सेक्रेटरीला काहीच सांगू नका.

तुमचा,
अश्वजित

ता.क. पत्रासोबत सिरोंच्याची मिरची पाठवत आहे. न्यायाने ती तुमचीच आहे, कारण मी दिलेला सेट तुमचा होता. बारा वर्षांपूर्वी आठ दिवसांकरता मागून नेलेला, तोच. तुम्ही विसरला असाल तर आठवण करून दिल्याबद्दल माफ करा.

ता.क. २. 'घरी दुसरा सेट आहे' हेही अगदीच खोटं म्हणता येत नाही. आहे, फक्त घर तुमचं आहे आणि तो माळ्यावर आहे. शनिवारी मी स्वतः येतो. चादरीसकट दिलात तरी चालेल. आठ दिवसांत परत करतो.

ता.क. ३. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आज सकाळी बदक बोललं आणि थांबलं. मी रेडिओकडे नुसता पाहत होतो. रुखमा चुलीपाशी होती, म्हणाली, "त्याले आयकू जाओ का नको, तुमी बोला. तो थांबून हाये ना." मग मी बोललो. सेट, मिरची, वानरं, सगळं खरं खरं सांगून टाकलं. कोणी ऐकत नव्हतं म्हणून सांगता आलं. शेवटी ओव्हर म्हटलं. भाऊजी, एवढा वेळ रेडिओत नुसती खरखर होती. माझं बोलणं पुरं होईपर्यंत तो थांबला होता, मगच पुढे बोलला.