भावाला नकार

३ जून, सकाळ
प्रयोग सुरू. पीएचडीचं सातवं वर्ष, मुदतवाढ शेवटची. प्रश्न सोपा: रातकिड्याची मादी सख्ख्या भावाला ओळखून नाकारते का? इतक्या जवळच्या नात्यात अंडी नीट उबत नाहीत, तेव्हा नाकारणारच. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला परका, मध्ये मादी. अशा चाळीस माद्या. महिन्यात निकाल, डिसेंबरात डॉक्टर.

८ जून
पहिल्या दहांपैकी सहा भावाकडे गेल्या. दिवा त्या बाजूला होता. हलवला.

९ जून
आता माद्याच हलत नाहीत.

१५ जून
वीसपैकी अकरा भावाकडे. उकाडा फार. त्यांचं डोकं ठिकाणावर नसणार, माझंही नाही. उद्यापासून सातला लॅबमध्ये हजर. ठरलं.

१६ जून, साडेदहा
आत्ता पोचलो. झोप अपुरी असली की निरीक्षणात चुका होतात.

२१ जून
लॅब झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, साहेब, या तर दोघांकडेही जातात, आधी एक, मग दुसरा. म्हटलं, मावशी, आपण फक्त पहिली निवड मोजतो. माद्यांनी अंडी घातलेल्या मातीच्या वाट्यांचं काय करू, विचारत होत्या. टाकून द्या म्हटलं. टेबलावर जागा कुठाय?

२४ जून
बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, होकार देऊन झाल्यावर विचार करणारेही असतात. दिवसभर ऑफिस करून दमली असेल. विषयाला धरून नव्हतं.

२ जुलै
चाळीसपैकी एकवीस भावाकडे. म्हणजे माद्यांना कळतच नाही. हाही शोधच. सर खूश होतील.

५ जुलै
सरांनी तक्ता पाहिला. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, मादी दोघांशी जुळून नंतर पोटात निवड करत असेल, परक्याचं बीज जास्त ठेवून घेत असेल. पिल्लं कोणाची निघाली? अंडी कुठायत? मी सांगितलं, जागा नव्हती. सरांनी तक्ता घडी घालून मला परत दिला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१२ जुलै
पीएचडी बंद. अंड्यांचा प्रयोग पहिल्या वर्षाच्या नव्या मुलीला दिलाय. मी तिचा मदतनीस, सहा महिने. सर म्हणाले, तुमच्या अनुभवाचा तिला उपयोग होईल. ती मला काका म्हणते. उद्याचं काम तिने कागदावर लिहून दिलंय: रातकिड्यांना पाणी, किसलेलं गाजर. लॅबमध्ये किसणी नाही. बायकोला विचारलं, आपली नेऊ का? ती म्हणाली, न्या, पण परत आणा.