सुन्नाची कानखूण

प्रिय सुन्ना,

तुझा निरोप भावाच्या फोनवर आला, आन्तेने वाचून दाखवला. परदेशी जाणाऱ्या तुकडीत तुझं नाव लागलंय, तेव्हा जायच्या आधी तुझे सगळे रेनडियर भावाच्या नावावर करा, तुझी कानखूण बंद करा, म्हणजे बाबाच्या डोक्याला ताप नको. वा गं बाई. फोनवर मी भांडते आणि तू ठेवून देतेस, म्हणून लिहिते. शाळेत माझं कधी जमलं नाही, चुका काढत बसू नकोस. ते वाचल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही.

आधी माझं ऐक. तुझं सैन्यात जाणं मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आपल्या चराईचा डोंगर ज्यांनी तोफांच्या सरावाला घेतला, त्यांचाच गणवेश घालून तू दारात उभी राहिलीस. बाबाने नेहमीसारखं कॉफीत चीज टाकलं होतं, ती कॉफी तशीच राहिली. तेव्हापासून तो तुझं नाव घेत नाही. ‘ती तोफवाली’ म्हणतो, तेही मी विषय काढला तर. शेजारची एल्ले चर्चबाहेर सगळ्यांसमोर विचारते, तुमची लेक आता आमच्यावर गोळ्या झाडणार का. मी म्हणते, नेम चांगला आहे तिचा, जरा जपून राहा.

परवापासून पिल्लांच्या कानांवर ज्याच्या त्याच्या मालकीच्या खुणा कापायला घेतल्यात. डास इतके की तोंड उघडायची सोय नाही. तुझ्या त्या पांढऱ्या नाकाच्या हट्टी मादीला पिल्लू झालंय. आन्तेने फास टाकून ते धरलं, गुडघ्यांत दाबलं आणि स्वतःची खूण कापायला सुरी काढली. तुझ्याच शब्दावर, त्याला बोल लावू नकोस. बाबा पलीकडून ओरडला, आई कुणाची? आन्ते म्हणाला, सुन्नाची, पण तिने सोडलंय ना सगळं. बाबा म्हणाला, मला कुठे सांगितलंय तिने? सुन्नाची मादी, सुन्नाचं पिल्लू, आण इकडे. सगळ्या कळपवाल्यांसमोर. मग खाली बसून त्याने स्वतः तुझी खूण कापली. नंतर मी विचारलं तर म्हणतो, पिल्लू आईच्या मागेच जातं, त्यात विचारायचं काय.

पत्र एवढ्यासाठीच. तो तुला बोलावणार नाही, मी लिहिलंय हेही त्याला ठाऊक नाही. पण खूण सोडल्याचं निरोपाने कळवलेलं त्याला चालत नाही, इतकं मला कळलं. तेव्हा जायच्या आधी ये. गणवेशात ये, नाहीतर कशातही ये. तो तोंड फिरवेल, फिरवू दे. सोडायचंच असेल तर त्याच्यासमोर उभी राहून तसं सांग. आणि सोडायचं नसेल तर काही बोलू नकोस, सुरी घे आणि कामाला लाग. अजून अर्धी पिल्लं राहिलीत.

तुझीच, अजून न पटलेली,
आई