निम्मा तरी निकाल

७ ऑगस्ट

विस्तार अधिकारी येऊन गेले. चहाही घेतला नाही. गेल्या वर्षी आमच्या दहावीतली चौदापैकी पाच पोरं पास — तेवढं वाचलं आणि फाईल मिटली. "मॅडम, यंदा निम्मा तरी निकाल लावा. नाहीतर दहावीचा वर्ग बंद. पोरं मोताळ्याला जातील."

पोरं जातील हो! पोरी कोण धाडणार? दोन वर्षं झाली, गणिताला शिक्षक मागून राहिले. ते कोणी तपासत नाही.

१२ ऑगस्ट

इंग्रजीच्या भागवत सरांच्याच गळ्यात गणितही आहे. आज हळूच म्हणाले — दहावीतल्या त्या वंदनाला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावा. म्हणजे ती परीक्षेला बसेल, पण बाहेरून. आपल्या निकालात धरायची नाही.

"सगळेच करतात मॅडम. ते शंभर टक्केवाले काय वेगळी पोरं आणतात?"

मी भडकले. गणिताच्या चाचणीत तिला वीसपैकी दोन पडले हे खरं. पण तिला शिकवलं कोणी?

१९ ऑगस्ट

अकरा पोरं. कसंही धरलं तरी पास होणारी पाचच दिसतात. अकरात पाच म्हणजे बुडालो. दहात पाच म्हणजे निम्मा.

पोरींसाठी वर्ग वाचवायचा, आणि त्यासाठी पोरगीच काढायची. स्वतःचीच शिसारी येते.

२५ ऑगस्ट

केलं.

वंदनाची आई, रुखमाबाई, निंदण सोडून आली होती. मी समजावायला लागले, तर मधेच म्हणाली, "तुमी सांगान तसं मॅडम. पोरीचं वाईट थोडीच करान तुमी?" मी टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे करत बसले.

हजेरीतून नाव काढलं. वर्गात मात्र बस म्हटलं. तेवढं तरी.

११ डिसेंबर

तपासणी! हजेरीत दहा आणि बाकावर अकरा कशी दाखवणार? वंदनाला घरी धाडलं. काऊन, असं एका शब्दानं विचारलं नाही. दप्तर उचललं. "जातो मॅडम. उद्या येऊ ना?"

साहेब खूश होऊन गेले. मला जेवण गेलं नाही.

२ मार्च

गणिताचा पेपर अवघड गेला म्हणतात. पाचाचे चार झाले तर? देवापुढे बसले, पण काय तोंडानं मागू?

१३ मे

दहात पाच! वर्ग वाचला. भागवत सरांनी पेढे आणले. साहेबांचा फोन — "शाब्बास मॅडम. परवा सत्काराला येतो, पास झालेल्या पोरांचा फोटो घेऊ."

वंदनाचं विचारायचा धीर झाला नाही.

१५ मे

वंदना पास झाली. गणितातही सुटली.

म्हणजे तिला ठेवलं असतं तरी अकरात सहा होत होते. वर्ग वाचतच होता.

फोटोसाठी ती शाळेचा गणवेश घालून आली, इस्त्री करून. वेणीला लाल रिबन. पाया पडली. "मॅडम, शायेचा निम्मा निकाल लागला म्हंतात. त्यात मले बी धरलं ना?"

मी हो म्हटलं.

मग ती फळ्याकडे गेली. पास झालेल्या पाच जणांची नावं लिहिली होती, ती वाचत उभी राहिली.