एकोणतीस ऑटविसल

रविवार, १ एप्रिल १९६२

आधी एक दुरुस्ती. बुधवारी मी इथे लिहिलं की जगात ऑटविसल आडनावाची एकतीस माणसं जिवंत आहेत. चूक. एकोणतीस आहेत.

काल टॉडमॉर्डनला लीआ आत्याकडे जाऊन आले. तिच्या नाताळच्या कार्डावर दरवर्षी ‘लीआ, टिबी आणि मेजर’ अशी सही असते. त्यावरून वडिलांनी घराण्यात एक फौजी अधिकारी आहे असं धरलं होतं, आणि लष्कराच्या कचेरीला दोन पत्रंही धाडली होती. मेजर कुत्रा आहे. टेरियर. मोज्याला चावला. टिबी मांजर.

आपलं आडनाव नॉर्मन सरदाराचं की गवळ्याचं, यावरून वडिलांचं आणि आत्याचं नऊ वर्षांपूर्वी वाजलं, तेव्हापासून जाणंयेणं बंद आहे. म्हणून हे इतके दिवस खपलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ चहा ढवळत राहिले. साखर घातलेली नव्हती. मग त्यांनी विचारलं, निदान कुत्रा चांगल्या जातीचा आहे का.

भिंतीवरच्या आमच्या घराण्याच्या नकाशातल्या दोन लाल पिना काढल्या. (लाल जिवंतांच्या, काळ्या मेलेल्यांच्या.)

यापुढे नियम: एका पुराव्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. आणि आपल्या नजरेस पडलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं कधीही धरायचं नाही.

शिवाय आर्नल्डला या आठवड्यात उत्तर द्यायचं.

गुरुवार, ५ एप्रिल

दुकानात गेले. उत्तर द्यायलाच गेले होते. आर्नल्ड एका बाईंसाठी खिळे तोलत होता. त्या गेल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी काळ्या पिनांची एक डबी मागितली.

फेब्रुवारीत त्याने विचारलं तेही याच काउंटरवर, पिनांवरूनच. म्हणाला, विनी, तुझ्या ऑटविसलांना पिना पुरून उरतील. आमच्या ब्राऊनांना सगळ्या लँकशरातल्या पिना पुरणार नाहीत. एक ब्राऊन आणखी वाढली तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मग एकदम लाल झाला, आणि तुला पटत असेल तर, असं म्हणाला. मी म्हटलं, संशोधन पुरं होऊ दे.

आता शांतपणे मांडते. एकोणतिसांपैकी सतरा बायका. त्यातल्या ज्यांची लग्नं झाली त्यांना मी माहेरच्या नावाने धरलंय, हेही खरं तर चूकच. पुरुषांत वडील सर्वांत धाकटे, आणि ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. कॅनडातल्या हिरमला चार मुली. म्हणजे हे नाव लावणारी शेवटची मी. हे वडील कधी बोलून दाखवत नाहीत. फक्त संध्याकाळी नकाशासमोर उभे राहतात.

अकरा वर्षांची होईपर्यंत त्यांनी मला घरीच शिकवलं. सकाळी राजांच्या सनावळ्या, दुपारी आपल्या. अशा माणसाला तोंडावर कसं सांगायचं की मी ब्राऊन होणार?

आधी संशोधन. ते व्हिट मंडेच्या सुट्टीला, म्हणजे ११ जूनला, पुरं होतंय. त्या दिवशी गावाच्या सभागृहात सगळ्या ऑटविसलांचा मेळावा आणि माझं निबंधवाचन. आजवर येणार म्हणून कळवलेले: दोन. वडील आणि मी.

शनिवार, १४ एप्रिल

वाईट दिवस.

दक्षिणेकडच्या शाखेवर माझा सगळा निबंध उभा होता. नॉर्थहॅम्प्टन, विल्टशर, केंट, सरे: नऊ ठिकाणी १८३५ ते ५० च्या दरम्यान ऑटविसल. वडील म्हणायचे, बघ, जमीनदार असल्याशिवाय माणसं एवढी पसरत नाहीत.

आज नऊही गावांच्या चर्चमधून उत्तरं आली. बाप सगळीकडे तोच. एमॉस ऑटविसल, रेल्वेच्या बोगद्यावरचा खणकऱ्या. बोगदा जिथे, तिथे एक मूल आणि एक बाप्तिस्मा. मुलं पुढे त्याच बोगद्यांच्या कामावर तापाने गेली. नऊ गावांची शाखा म्हणजे एक माणूस आणि एक कुदळ.

वडिलांना हे जेवणाआधी सांगावं की नंतर, यावर बराच विचार केला. नंतर सांगितलं. ते म्हणाले, मग निदान मुकादम असेल.

दक्षिणेच्या पिना काढल्या. भिंतीत भोकं दिसतात.

सोमवार, २३ एप्रिल, ईस्टर मंडे

आर्नल्डबरोबर ऑटविसल नावाच्या मळ्यापर्यंत चालत गेले. दोन ओढे जिथे मिळतात तिथे एक पडकी भिंत आणि सोळा मेंढ्या. आडनाव इथलंच, एवढं मात्र नक्की. या खोऱ्याबाहेर ते गेलं ते एमॉसच्या कुदळीबरोबर, नाहीतर हिरमच्या बोटीतून.

त्याने घरून पार्किन, म्हणजे आल्याचा केक, आणलं होतं. त्याच्या आईचं पार्किन दाताला चिकटतं. माझं तोंड भरलेलं असताना त्याने विचारलं, बहुधा मुद्दामच, म्हणजे मला लगेच बोलता येऊ नये.

“विनी, मी थांबू का? थांब म्हणालीस तर थांबतो. पण म्हण.”

मी पार्किन गिळलं. म्हटलं, एमॉसच्या आईचा अजून पत्ता लागत नाहीये.

तो म्हणाला, बरं.

हे ‘बरं’ मला आश्वासक वाटलं. समजूतदार माणूस आहे. दुसरा असता तर चिडला असता.

गुरुवार, ३ मे

दुकानात. आर्नल्ड माळ्यावर होता. काउंटरवर मेव्हिस होल्डन, लोकरीच्या दुकानातली. आर्नल्डचा एप्रन घालून एका म्हाताऱ्याला बिजागऱ्या दाखवत होती. वर्षाची मालमोजणी चालू असावी, मदतीला आली असेल. चटपटीत मुलगी. बिजागऱ्यांचे आकार तिला पाठ आहेत.

मला पाहून म्हणाली, पिनाच ना? आणि मागे न पाहता बरोबर खण उघडला.

आर्नल्ड खाली येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण मालमोजणीत माणसाला खोळंबून ठेवणं बरं नव्हे. डबी घेऊन आले. घरात आता सहा डब्या आहेत, पाच बंद.

रविवार, १३ मे

चर्चला दांडी मारून आत्याकडे गेले. प्रार्थना चुकवायचा पहिलाच प्रसंग, पण एमॉसच्या आईशिवाय निबंधाला तोंडच नाही. आत्या एक्याऐंशीची. जुन्या गोष्टी तिलाच माहीत.

मेजर दुसऱ्या मोज्याला चावला.

एमॉसची आई नॅन्सी. हे आत्याने लगेच सांगितलं, वाटाणे सोलता सोलता, जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी बाप विचारला. आत्या म्हणाली, बाप कुठला? तिचं लग्न ठरलेलं होतं. चर्चमध्ये लग्नाचा पुकारा झाला, एका रविवारी, दुसऱ्या रविवारी, तिसऱ्या रविवारी. कुणाची हरकत नाही. लग्नाच्या दिवशी नवरा मुलगाच आला नाही. नॅन्सीच्या पोटात एमॉस आणि त्याच्या पाठीवरचा जुळा, म्हणजे तुझा खापरपणजा. दोघांना तिचंच नाव लागलं.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. त्या पिढीत पुरुष कुणी उरलेला नव्हता. नॅन्सीचं लग्न झालं असतं तर ऑटविसल हे नाव तिथेच संपलं असतं. आज एकोणतीस आहोत ते एक लग्न मोडल्यामुळे.

आत्याला म्हटलं, तू हे वडिलांना कधी सांगितलं नाहीस?

“नऊ वर्षांपूर्वी सांगितलं,” आत्या म्हणाली. “तेव्हाच तर तो टोपी घेऊन निघून गेला. तुझं काय चाललंय? तो खिळेवाला अजून आहे ना?”

मी म्हटलं, आहे. माझ्या उत्तराची वाट पाहतोय.

आत्या वाटाणे सोलायची थांबली. म्हणाली, नॅन्सीचा मेला आलाच नाही, तिचा काय इलाज होता? तुझा दारात उभा आहे, आणि तू त्याच्याकडून टाचण्या विकत घेतेस.

पिना, मी म्हटलं. टाचण्या वेगळ्या.

निघताना तिने विचारलं, मेळाव्याला मेजरला आणलं तर चालेल का. म्हणजे येणारे तीन.

बसमध्ये ठरवलं: वडिलांना नॅन्सीचं सांगायचं, मग आर्नल्डला हो म्हणायचं. याच क्रमाने. आडनाव नॉर्मन सरदाराचं नाही, हे एकदा वडिलांनी मानलं की ते सोडणं मला तितकं जड जाणार नाही.

रविवार, २० मे

घाईने लिहितेय, अक्षर वाईट येईल.

चर्चला उशिरा पोचले. (वडिलांना नॅन्सीचं सांगायचं म्हणून नाश्त्याला तीनदा सुरुवात केली. झालं नाही.) दार उघडलं आणि पाद्रीसाहेब वाचत होते: याच गावचा अविवाहित आर्नल्ड ब्राऊन आणि याच गावची अविवाहित मेव्हिस होल्डन. मी पाय मागे घेतला आणि बाहेर आले. पुढचं ऐकलं नाही. एका थडग्यावर बसले. क्रॅबट्री आडनावाचं होतं, या भागात फार आढळतं.

शांतपणे मांडते. मी याआधी पुकारा ऐकलेला नाही, म्हणजे हा पहिला. पुकारे तीन असतात. म्हणजे २७ मे आणि ३ जून हातात आहेत. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत काहीही होऊ शकतं, कायदाच तसा आहे. आर्नल्डने घाई केली, पण घाई दुरुस्त करता येते.

मंगळवारी दुकानात जाऊन स्पष्ट हो म्हणायचं.

मंगळवार, २२ मे

दुकानात गेले. आर्नल्ड एकटाच होता. मी म्हटलं, आर्नल्ड, मला तुला एक सांगायचंय. तो पिनांच्या खणाकडे वळला, मग थांबला, आणि पुन्हा माझ्याकडे तोंड करून नीट उभा राहिला. हात काउंटरवर. नखात ग्रीस.

“सांग,” तो म्हणाला.

मी सांगितलं की एमॉसच्या आईचा पत्ता लागला.

त्याने काउंटरवरचे हात उचलून एप्रनला पुसले. मग म्हणाला, चांगलं झालं, विनी. खूप शोधलंस तिला. आणि डबी कागदात बांधून दिली. मी मागितली नव्हती.

निदान विषयाला तोंड फुटलं. पुढच्या वेळी सरळ मुद्द्यावर. दोन रविवार आहेत.

रविवार, २७ मे

वेळेवर गेले. अगदी पुढच्या बाकावर बसले. ठरवलं होतं की आजच्या, म्हणजे दुसऱ्या पुकाऱ्याच्या वेळी, आर्नल्डकडे वळून पाहायचं. नुसतं पाहिलं तरी त्याला कळेल.

पाद्रीसाहेबांनी नावं वाचली. कुणाला काही अडचण माहीत असेल तर आताच सांगावी, म्हणाले. आणि मग म्हणाले, हा तिसरा आणि शेवटचा पुकारा.

कुणीतरी खोकलं. मी होते.

पाद्रीसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. खरंच थांबले. मी प्रार्थनेचं पुस्तक उचललं आणि त्यात पाहिलं. उलटं होतं.

घरी येताना वडिलांना म्हटलं, पहिला पुकारा कधी झाला? ते म्हणाले, तू लीआकडे गेली होतीस त्या रविवारी. तुला त्रास नको म्हणून बोललो नाही. मला वाटलं तूच ब्राऊनला नको म्हणालीस. मला वाईट वाटलं होतं. चांगला मुलगा. पिनांवर सूट देत होता.

मी रस्त्यातच थांबले. म्हटलं, पण डॅड, आपलं नाव?

“नावाचं काय,” वडील म्हणाले. “ते चालवायला मेजर आहे की.”

मला वाटतं ते गमतीने म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मग नॅन्सीचं सांगून टाकलं. म्हणाले, माहीत आहे. लीआला सांग, कुत्र्याला घेऊन ये.

मंगळवार, २९ मे

दुकानात गेले. मेव्हिस होती, आर्नल्ड होता. अभिनंदन केलं, दोघांचं, वेगवेगळं. आर्नल्डने विचारलं, संशोधन पुरं झालं का. झालं, मी म्हटलं. तो म्हणाला, बरं. हे ‘बरं’ ईस्टरच्या ‘बरं’सारखंच होतं. त्यावरून आता ईस्टरच्या ‘बरं’चा अर्थ नव्याने लावावा लागेल. तूर्त तो नोंदवून ठेवते.

लग्न शनिवारी, ९ जूनला. मेव्हिसने आग्रहाने बोलावलं. मग दोघं आठवडाभर मोरकॅमला, समुद्रावर. तोवर दुकान बंद.

शांतपणे मांडते. फेब्रुवारीत मला एक प्रश्न विचारला गेला. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. लग्न होवो न होवो, कुणी सरळ विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच न देणं बरं दिसत नाही. लग्नाआधी सांगितलं तर गैरसमज होतील. लग्नात सांगणं अप्रस्तुत. मेळाव्याच्या दिवशी दुकान बंद.

उत्तर ‘हो’ असंच आहे. त्यात आता काही बदल होणार नाही.

दुकान उघडतं सोमवारी, १८ जूनला, सकाळी नऊ वाजता.