निरंक म्हणजे काय

बाई,

परवा वलवणला वहिनीच्या फ्रिजवर गुडघेदुखीच्या चूर्णाचा डबा दिसला, त्यावर तुमचं नाव छापलेलं होतं, म्हणून हे लिहिते आहे. ‘मावळातल्या गावांत संशोधन. दुष्परिणाम शून्य.’ खाली तुमचं नाव, पदव्यांसकट. वहिनी पंधरा दिवस उलट्या काढते आहे आणि दोष शिळ्या भाताला देते आहे. मी डबा उचलला तर म्हणाली, “अगं, तुझ्याच बाईंचं औषध ना ते? तुझ्या तोंडून त्यांचं एवढं ऐकलंय, म्हणून तर डोळे मिटून घेतलं.” तिला डॉक्टरकडे नेलं, डबा पिशवीत टाकला आणि घरी आले. राग यायला हवा होता. आला नाही.

चूर्ण आपलंच आहे. कंपनीनं ते कॉलेजकडे तपासायला दिलं होतं आणि तळेगावच्या प्रयोगशाळेत आपण त्याच्या पुड्या बांधायचो. दर पंधरा दिवसांनी घरोघरी जाऊन विचारायचं, काही त्रास झाला का, आणि नोंदवहीत लिहायचं. लोहगडवाडी माझ्याकडे होती. त्या पावसाळ्यात दोन महिने मी वर गेलेच नाही. चढ निसरडा होता आणि कंटाळा आला होता. तिसरं कारण नाही. घरी बसून ‘त्रास’ या रकान्यात ओळीनं ‘निरंक’ लिहिलं. तुम्ही त्यावरून तक्ता केलात, कंपनीला पाठवलात आणि मग एकदा स्वतः फिरून यावं म्हणून मलाच बरोबर घेऊन निघालात. पहिल्याच घरातली मावशी म्हणाली, “ही पोर कुटं व्हती? दोन म्हयनं झालं, तोंड न्हाई दावलं.” औषधाचा त्रास झाला का, तुम्ही विचारलंत. “झाला म्हंजे? लय मळमळायचं. मग पुड्या म्हशीला चारल्या. म्हशीचं गुडघं झ्याक हाईत बगा!” शेजारणी हसल्या. तुम्हीही हसलात, चहा घेतलात. मी हसले का, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. तुम्ही मेथी निवडताय, नोंदवही ओट्यावर उघडी आहे.

“निरंक म्हणजे काय?”

“काही नाही, बाई.”

“काही नाही, हे कोणी पाहिलं?”

तुम्ही मेथीची जुडी बाजूला ठेवता.

“पाहून आढळलं नाही तर निरंक. पाहिलंच नाही तर ‘पाहिलं नाही’ लिहायचं. तेवढी शाई आहे आपल्याकडे.”

तांबड्या पेनानं तुम्ही प्रत्येक ओळीवर ‘भेट नाही’ लिहिलंत. तक्ता चुकीचा आहे, वापरू नये, असं कंपनीला कळवलंत आणि त्या पत्राची कार्बन प्रत वहीत चिकटवलीत. कंपनीनं तक्ता ठेवला, पत्र नाही, हे परवा कळलं. निवृत्त होताना बाकीच्यांना तुम्ही पुस्तकं दिलीत, मला ती वही. “ठेव,” एवढंच म्हणालात. मी ठेवली आणि पुढं नोकरीभर कडक राहिले. कारखान्याच्या प्रयोगशाळेत तापमान न बघता आकडे भरणाऱ्या एका मुलीला मी त्याच दिवशी घरी पाठवलं. ती रडली. माझ्याही हातून असं झालं होतं, एवढं तिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

वही बाहेर काढली की तुमचं नाव सुटतं आणि माझं अडकतं. दोन दिवस ती टेबलावर होती. आज औषध खात्याच्या कार्यालयात गेले. ‘या नोंदी एका विद्यार्थिनीनं न भेटता भरल्या’, असं अर्जात लिहिलं होतं. कारकून बरा होता. म्हणाला, “मॅडम, विद्यार्थिनी म्हणजे कोण? वरून विचारतील. हयात आहेत का त्या?”

“आहे,” म्हटलं आणि कंसात माझं नाव घातलं. त्यानं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

तुम्हाला पाठवायला आता पत्ता उरला नाही, म्हणून हे पत्र लिहून झालं की वहीत ठेवायचं, असं ठरवलं होतं. वही आता तिथं राहिली.

दिलं ते असं : नोंदवही एक, मूळ, सर्व पानांसह. डबा एक, अर्धा संपलेला. अर्ज दोन पानी. पोच मिळाली. देण्याआधी स्टेशनसमोर वहीची झेरॉक्स काढून घेतली. लोहगडवाडीच्या पानाची तेवढी काढली नाही.