सबायनाच्या आईचं नाव

मेयो, १५ सप्टेंबर १९८७

चि. कॉलमन यास अ. उ. आ.

सबायनाच्या आईचं नाव सापडलं. नोंदणी कचेरीतल्या बाईंनी काल मूळ वही काढून दोनदा वाचून दाखवलं आणि शिक्क्याची नक्कल दिली. ऑनर गॅनन. हो, आपली आजी. बाबांची आई. तिच्या लग्नाच्या तीन वर्षं आधीची नोंद.

लिहितानाही किळस येते. बाराव्या वर्षी नन्सच्या अनाथालयातून जिला कामाला आणलं, जिने आपल्याला न्हाऊमाखू घातलं, जी मागच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच बटाटे खायची आणि आजीला मालकीणबाई म्हणायची, ती आजीची पोटची पोर!

चर्चमधली बाप्तिस्म्याची वहीही पाहिली. जून १९०६ च्या ओळीत बाळाचं नाव आहे, गाव आहे, धर्ममाता बिडी रुअन आहे. आईचं नाव तेवढं पात्याने खरवडलंय. फादर म्हणाले, ओल लागली असेल. मी म्हटलं, एवढी सरळ रेघेत चालणारी ओल मी तरी पाहिली नाही.

ऐंशी उलटलेल्या सबायनाला एवढंच हवंय : आईचं नाव, आणि मेल्यावर तिच्या शेजारी जागा. आजीच्या थडग्यात एक जागा रिकामी आहेच. सत्तावीसला, रविवारी, वृद्धाश्रमात जाणार आहे. तिला सांगू ना? सोबत नक्कल धाडते.

तुझी
डिम्फना

लीड्स, १९ सप्टेंबर

ती. डिम्फनाताईस सा. न.

पत्र वाचता वाचता चहा गार झाला. पण ताई, जरा दमानं. सबायनाजवळ नन्सनी दिलेलं कार्ड आहे, त्यावर बाप्तिस्मा तीन जूनचा आणि तुझ्या नकलेत जन्म वीस ऑगस्टचा. जन्मायच्या अडीच महिने आधी डोक्यावर पाणी घेऊन आलेलं मूल माझ्या ऐकण्यात नाही. ही दुसरीच कुणी सबायना. आपल्या त्या भागात काठी फिरवली तरी चार गॅनन जखमी होतील, आणि ऑनर तर घरटी एक.

आजी कडक होती, तिरसट होती, पण असली नव्हती. तिच्या नावाचा बाक अजून चर्चमध्ये आहे. नुसत्या अंदाजावर म्हातारीपुढे उकिरडा उकरू नकोस. रविवारी जा, गप्पा मार, हे मात्र पोटात ठेव.

रागावू नकोस, पत्र मात्र धाड.

तुझा
कॉलमन

मेयो, २८ सप्टेंबर

चि. कॉलमन यास आशीर्वाद, आणि एक धपाटा.

इंग्लंडात राहून आपली माणसं विसरलास. मुदतीत नोंद केली नाही की दंड, म्हणून घरचे कचेरीत जाऊन जन्मच पुढे ढकलायचे. बाबांचे दोन वाढदिवस होते, ते काय केकच्या हौसेने? चर्चचा मार्चमधला, सरकारचा मेमधला. नक्कल पुन्हा वाच : बाळंतपणाला हजर, बिडी रुअन, म्हणजे तीच धर्ममाता. गावही तेच. १९०१ च्या खानेसुमारीत त्या गावात ऑनर गॅनन एकच, वय पंधरा. तिच्या बापाचं नाव आजीच्या लग्नाच्या नोंदीतलंच. झालं समाधान?

वीस वर्षांची पोर घाबरली, तिच्यापासून मूल तोडलं, इथवर मला तिची कीवच आली. पण शनिवारी नन्सकडे जाऊन आले. मुलीला घेऊन जाताना त्यांच्या वहीत सही आजीची आहे. ठाऊक असून तिला आणली, आणि चव्वेचाळीस वर्षं पोटच्या पोरीकडून भांडी घासून घेतली. आपण त्याच टेबलाशी बसून, तिने वाढलेलं जेवत होतो.

काल सबायनाआत्याला सांगितलं. हो, आत्याच. सगळे कागद वाचून दाखवले. तिने एकच विचारलं, की नन्सकडून न्यायला आली तेव्हा त्या बाईला माहीत होतं का. मी सहीबद्दल सांगितलं. मग ती म्हणाली की पंचवीस वर्षं त्या थडग्यावरचं शेवाळ तिने खरडलं, तेवढं पुरे. मेल्यावरही मालकीणबाईंच्या हाताशी पडून राहायला ती काही बांधलेली नाही. भिंतीकडेची जागा हवी आहे तिला, एकटीची.

शुक्रवारची बोट पकड आणि ये. तिच्यासमोर आजीची बाजू मांडणार असशील तर तिकडेच बरा आहेस.

पुढच्या सोमवारी दगड कोरणारा तिच्याकडे येणार आहे. नुसतं सबायना कोरायचं आहे. आडनाव त्याने विचारायचंसुद्धा नाही, अशी तिची ताकीद आहे.

माया आहे ती राहू दे.

डिम्फना